तुम्ही विचारलंत म्हणून: कानाची पेन्शन

निवृत्त फौजी दिसला की त्याला 'मेजर' म्हणायची आमच्या साताऱ्याकडची रीत आहे. मी हवालदार म्हणून घरी आलो, तरी मेजरच. तर 'मेजर, कानाची पेन्शन कशी लावून घेतली?' हा प्रश्न मला पारावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीलाही विचारून झालाय. विचारणारा हमखास डाव्या अंगाला उभा राहतो. नेमका तोच कान गेलेला.

मी १९९० ते २०१४ तोफखान्यात होतो. १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासला गनवर, म्हणजे तोफेवर, असताना कानात कापूस कोंबायचो, तोही अर्धाच, कारण फायरचा हुकूम तर ऐकू यायला पाहिजे. पहिल्या रात्रीनंतर कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. सकाळी जरा कमी झाली, सोडून दिलं. सगळ्यांचीच वाजत होती, कोण कुणाला सांगणार? पुढं देवळालीच्या रेंजवर दर सरावाला तेच.

असल्या धमाक्यानं कानाच्या आतल्या केसासारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातो तो ४००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे उंच पट्टीतला, बारीक आवाज. त्यामुळं माणूस बहिरा वाटत नाही. बोललेलं ऐकू येतं, पण कळत नाही. बायको 'सात' म्हणते, मी 'आठ' ऐकतो, आणि बाजारात दोघांचं वाजतं. शेतातले रातकिडे मला वर्षानुवर्षं ऐकू आलेले नाहीत. डोक्यातला एक मात्र आता हे लिहितानाही चालू आहे.

मग तेव्हाच रिपोर्ट का नाही केला? भीती, दुसरं काय. फौजेत तब्येतीची श्रेणी 'शेप' या पाच अक्षरांवर ठरते, त्यातला 'एच' म्हणजे कान. श्रेणी घसरली की प्रमोशन, एक्स्टेंशन सगळ्यावर गदा. म्हणून आम्ही ओठ वाचायला शिकलो आणि गप्प बसलो. ही आमची चूक होती, आणि तिची किंमत शेवटी मोजली.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड बसलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणाकडे बघत बसलो. कागदावर आलं: अपंगत्व ३० टक्के, कायमचं. पुढच्या रकान्यात: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. कारण काय, तर त्रासाची पहिली नोंद पीस स्टेशनवर, म्हणजे लढाई नसलेल्या ठिकाणच्या छावणीत, झाली. आता पीस स्टेशनवर गन काय कुजबुजते?

अपंगत्व पेन्शनला दोन अटी लागतात: दुखणं सेवेमुळे झालेलं किंवा वाढलेलं असावं, आणि ते २० टक्क्यांहून कमी नसावं. दुसरी अट मी पार केली होती, अडलं पहिलीत. अपील केलं. उत्तर दोन ओळींचं, 'विचार केला, नामंजूर'. दुसरं अपील, तेच. त्या सहा-सात महिन्यांत सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं, खोटं का बोलू.

पुण्यातल्या वकिलाकडं कागदांचा गठ्ठा नेला. त्यांनी बोर्डाचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, 'भरतीचा कागद कुठाय?' मला वाटलं, त्याचा काय संबंध. भरतीच्या वेळी डॉक्टर तुम्हाला पाठ करून उभं करतो, वीस फुटांवरून कुजबुजतो आणि एकेका कानानं ऐकून तुम्ही ते परत म्हणायचं. मी दोन्ही कानांनी म्हटलं होतं, आणि सरकारच्याच डॉक्टरनं तसं लिहून सही केली होती. माझा खरा साक्षीदार तो कागद ठरला.

कारण जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलंय, की भरतीला दुखण्याची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं. दुखणं सेवेमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. खटला फेफऱ्याचा होता, पण मुद्दा कानालाही लागू. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढं आमचं तेवढंच म्हणणं होतं. २०१८ ला निकाल माझ्या बाजूनं लागला.

३० टक्क्यांचे ५० धरले गेले. ५० च्या खालचं ५०, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००, असा तो हिशेब. आधी तो दुखण्यामुळं सेवेतून बाहेर काढलेल्यांनाच होता. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळावा हे डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात ठरलं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे ५० टक्क्यांना १५ टक्के. बंगला होत नाही त्यात. शिवाय मागची थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच देतात, म्हणून 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणारा दरवर्षी एक वर्ष हरवतो.

एक सांगतो, २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम बदललेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यानं माझ्या केसवर विसंबू नये, नवे नियम बघणारा वकील गाठावा. आणि 'निम्मी थकबाकी द्या, काम करतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

माझा पुतण्या तोफखान्यातच आहे. रजेवर आला की टीव्हीचा आवाज हळूहळू वाढत जातो. परवा विचारलं, 'कान वाजतो का रे?' म्हणाला, 'फायरिंगनंतर जरा, काका. जातो आपोआप.' मी म्हटलं, परत गेलास की आधी एमआय रूमला, युनिटच्या दवाखान्यात, जा आणि तारखेसकट लिहून घे. बघतो म्हणाला. मीही तसंच म्हणायचो.

कुणाला कागद दाखवायचे असतील तर भरतीचे आणि बोर्डाचे, दोन्ही घेऊन घरी या. चारनंतर असतो मी. उजव्या बाजूला बसा. फोन मात्र करू नका, फोनवरचं मला कळत नाही.