अण्णांचा दहावा

आज रामकुंडावर अण्णांचा दहावा झाला. एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्याहून जास्त त्यांच्याबरोबर गड चढलेली, आणि प्रत्येकाकडे एकेक किस्सा.

मला मात्र दिवसभर हरिहर गडच आठवत होता. कातळात कोरलेल्या त्या जवळजवळ उभ्या पायऱ्या, हात अडकवायला दोन्ही बाजूंना खोबण्या. लेक अर्ध्यावर रडायला लागली, तेव्हा अण्णा तिच्या खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. "मागे आबा आहे. आधी खोबणीत बोटं घाल, मग पाय उचल." वर पोचल्यावर तिला ब्रह्मगिरी आणि अंजनेरी ओळखायला शिकवलं. ती पोर आज कुठल्याच उंचीला घाबरत नाही, हे सगळं त्यांचं देणं.

संध्याकाळी तिने आबांची सॅक मागितली. चेन तुटलेली, सेफ्टी पिनांनी अडकवलेली. आतल्या कप्प्यात गूळ-शेंगदाण्याची पुडी तशीच. ती पुडी हातात घेतली आणि मला रडू आवरेना.

साल्हेर तिला दाखवायचा राहून गेला. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, अण्णांचा सर्वांत लाडका. पाऊस ओसरला की आम्ही जाणार आहोत. त्यांच्या जुन्या मंडळींपैकी ज्यांना यायचंय त्यांनी नक्की कळवा.