जब्याच्या नाकावरचा चिमटा

बी.एड.ला असताना मानसशास्त्रज्ञ मास्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण मी पट्टीनं आखायचे. तळाला अन्न, पाणी, झोप. त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग मानसन्मान आणि अगदी टोकाला आपल्यातलं सगळं पुरेपूर फुलवणं, म्हणजे आत्मवास्तविकीकरण. (हा शब्द न अडखळता लिहिता आला की निम्मा पेपर सुटला असं आम्ही म्हणायचो.) खालची गरज भागल्याशिवाय माणूस वरच्या गरजेकडे वळत नाही, हे गाईडमधलं वाक्य जसंच्या तसं उतरवून मी पासही झाले.

परवा रविवारी नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ सिनेमा पुन्हा पाहिला. दहा वर्षांपूर्वी थिएटरात रडले होते, या वेळी नुसती बघत बसले. त्यातल्या शाळकरी जब्याचं घर त्रिकोणाच्या तळालाच चाचपडतंय. बहिणीच्या लग्नाला पैसा नाही, बाप मिळेल ते काम करतो. गाईडच्या हिशोबानं या पोराला भाकरीपलीकडे काही सुचायलाच नको. आणि हा नाक धारदार व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावतो! त्याला जीन्स पाहिजे, वर्गातल्या शालूनं एकदा तरी आपल्याकडे बघायला पाहिजे. राख अंगावर टाकली की पोरगी वश होते म्हणे, म्हणून काळी चिमणी जाळून तिची राख करायचीही तयारी. आइसकँडी विकून पैसे जमवायला निघतो, तर सायकलच गाडीखाली चेपते.

मग वाटलं, मास्लोचं चुकलं की काय? म्हणून त्याचा १९४३ सालचा मूळ लेख काढून वाचला, तर तिथं त्रिकोण नाहीच. तो नंतर दुसऱ्यांनी काढला. हा क्रम वाटतो तितका पक्का नाही, असं मास्लोनं स्वतःच लिहून ठेवलंय. उदाहरणादाखल आकडेही दिलेत: साधारण माणसाची शरीराची गरज ८५ टक्के भागलेली असते, प्रेमाची ५०, स्वाभिमानाची ४०. म्हणजे सगळ्याच गरजा एकदम अर्ध्यामुर्ध्या चालू असतात. हे आमच्या गाईडवाल्यानं कुठं गाळलं कोण जाणे.

तरीही जब्याचं कोडं त्यानं सुटत नाही. त्याच्या घरी पैसा येणार तो डुक्कर धरून, आणि डुक्कर धरलं की वर्गासमोर अब्रू जाणार. एकाच कामानं खालची पायरी भरते आणि वरची ढासळते. बाप कचरू पोराला बडवतो तेव्हा तो दुष्ट वाटत नाही. त्याला पहिली पायरी दिसतेय, पोराला चौथी. शेवटी काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावरून शाळेच्या भिंतीजवळून जातं. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. हीच चित्रं आमच्याही शाळेच्या भिंतीवर आहेत.

माझ्या सहावीच्या वर्गात मागच्या वर्षी एक पोरगा होता. आईवडील वीटभट्टीवर. खिचडीची सुट्टी झाली की हा बाकाला चिकटून बसायचा. “भूक नाही बाई.” चार दिवस मी पोटदुखी समजून ओवा दिला. पाचव्या दिवशी फळा पुसायला बोलावलं, तर उठेना. डोळ्यांत पाणी. मग लक्षात आलं, चड्डी मागून बोटभर उसवलेली. बाकावर बसून दिसत नाही, पण रांगेत उभं राहिलं की मागच्याला दिसणार. सकाळी घरून काय खाऊन आला होता, ते मी विचारलं नाही.

सुट्टीत त्याला स्टाफरूममध्ये नेलं, माझी शाल गुंडाळून बसवलं आणि चड्डीला टाके घातले. सुई हातात असताना तो खिडकीकडे तोंड करून बसलेला. दुसऱ्या दिवसापासून रांग बंद केली. पोरं व्हरांड्यात गोल बसतात, मावशी आणि मी वाढत फिरतो. खिचडी थोडी सांडते, मुख्याध्यापक कुरकुरतात.

पहिल्याच दिवशी त्यानं ताट दोनदा पुढं केलं.