मिडियम म्हणजे नेमकं किती?

खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधून झालं की प्रश्न येतो, "कसे करू?" आणि बहुतेक जण सांगून मोकळे होतात, "मिडियम करा." कटिंग बिघडायला इथूनच सुरुवात होते. मिडियम हे माप नाही. एकाच्या मनात मिडियम म्हणजे कानावर न येणारे केस, दुसऱ्याच्या मनात भांग पडेल एवढे. कापणाऱ्याला मग अंदाजाने कापावं लागतं, आणि अंदाज चुकला तर सहसा कमीच्या बाजूला चुकतो. "बारीक करा" आणि "पातळ करा" यांतही असाच घोळ आहे. बारीक म्हणजे लांबी कमी, पातळ म्हणजे दाटपणा कमी. दोन्हींना हत्यारं वेगळी लागतात.

सांगायचं असतं ते तीन जागांचं: बाजूला किती, मागे किती, वर किती. आणि किती कापायचे हे न सांगता किती ठेवायचे हे सांगावं. "एक इंच" एवढंच म्हटलं तर एक इंच उडवायचे की एक इंच राखायचे, हे दोघांनी दोन तऱ्हांनी ऐकलेलं असतं.

बाजूचं माप मशीनच्या नंबरात सांगता येतं. मशीनला जी प्लॅस्टिकची फणी लावतात तिच्यावर नंबर असतो. एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. एकवर त्वचेचा रंग स्पष्ट दिसतो, दोनवर थोडा दिसतो, तीनपासून बाजू भरलेली वाटते. डोक्यावर जुनी खोक असेल तर दोनच्या खाली ती दिसणारच, तेव्हा ती कुठे आहे ते आधी सांगून ठेवा.

इथे एक मोठी गफलत होते. वरचे नंबर मोठ्या मशीनच्या फणीचे. छोट्या ट्रिमरच्या फणीवर पुष्कळदा सरळ मिलिमीटरच छापलेले असतात. तुम्ही "तीन लावा" म्हणता, दादा ट्रिमरची ३ लिहिलेली फणी लावतात, आणि १० मिलिमीटरच्या जागी ३ उरतात. पहिला पट्टा फिरला की मागे येता येत नाही. म्हणून नंबरासोबत बोटांच्या चिमटीत माप दाखवावं आणि शंका असेल तर एक नंबर वरून सुरुवात करायला सांगावी. तीन लावून पाहिल्यावर दोन करता येतो, उलटं होत नाही.

बाजू किती लहान ठेवायची हे ठरवताना वाढीचा हिशोबही करावा. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. एक नंबरच्या ३ मिलिमीटर बाजूंत दोन आठवड्यांत आणखी ५ ते ६ मिलिमीटरची भर पडते, म्हणजे त्या जवळजवळ तिप्पट होतात. फेड, म्हणजे वरून खाली केस कमी कमी करत नेणं, त्वचेपर्यंत उतरवला असेल तर म्हणूनच दोन आठवड्यांत आकार सोडतो. नुसत्या कैचीने कापलेले केस पाच-सहा आठवडे बरे दिसतात. महिन्यातून एकदाच सलूनला जायचं असेल तर झिरोवरून चढवलेला फेड मागू नये. दोन किंवा तीन नंबरच्या बाजू आणि वर कैची, हेच टिकतं.

वरच्या केसांचं माप बोटांचं. कैची चालवणारे केस दोन बोटांत धरतात. बोटांच्या वर कापलं की लांब राहतात, बोटांच्या खाली तळव्याच्या बाजूने कापलं की बरेच आखूड होतात. पहिली बट धरली की आरशात नीट पाहा आणि तिथेच सांगा. ओला केस लांब दिसतो, सुकला की वर येतो. कुरळ्या केसात हा फरक फार मोठा असतो. कुरळे केस असणाऱ्यांनी ओले असताना हवे त्यापेक्षा बोटभर लांब ठेवायला सांगावं आणि सुकल्यावर उरलेलं कमी करून घ्यावं.

मशीनचं उलटं आहे. तिला कोरडे, स्वच्छ केस लागतात. ओले केस एकमेकांना चिकटतात, फणीखाली आडवे होतात आणि मधेच पट्टे राहतात. तेलाचं तेच. खोबरेल चोपडून सलूनला जायची अनेकांना सवय आहे, पण तेलकट केसांत फणी अडकते आणि पात्यात चिकट मळ बसतो. आदल्या दिवशी केस धुऊन, तेल किंवा जेल न लावता गेलं की निम्म्या तक्रारी संपतात. क्रम असा चांगला: आधी कोरड्यावर मशीन, मग पाणी मारून वर कैची, मग सुकवून शेवटची तपासणी.

आता भोवरा. माझ्या मते चांगला कारागीर इथे ओळखता येतो. भोवऱ्यापाशी केस एका दिशेने न पडता गोल फिरत उगवतात. तिथे केस तीन-चार सेंटिमीटर असले की स्वतःच्या वजनाने आडवे पडतात. दोन नंबर किंवा त्याहून कमी असले तर उभे राहिले तरी कळत नाही. अडचण मधल्या लांबीची, दीड-दोन सेंटिमीटरची. तेवढे केस पडण्याइतके जड नसतात आणि लपण्याइतके लहानही नसतात, म्हणून शेंडीसारखे उभे राहतात. पाणी लावून दाबले तरी सुकल्यावर पुन्हा उठतात. म्हणून आधीच सांगावं: "भोवऱ्यावर लांब सोडा, मशीन तिथपर्यंत आणू नका." दोन भोवरे असलेल्याची दोन लग्नं होतात असं गमतीने म्हणतात; कापणाऱ्याला मात्र दोन्हींच्या मधला पट्टा जपावा लागतो, कारण तिथले केस दोन दिशांनी ओढले जातात. कपाळावरही एखाद्याला छोटा भोवरा असतो. तिथे भांग केसांच्या कलानेच पाडावा.

उभे केस बसवण्यासाठी पुष्कळदा दातेरी कैची, म्हणजे केस पातळ करायची कैची, मारतात. ती मुळाजवळ चालली की दाट केसांत बुटके खुंट तयार होतात आणि वरच्या लांब केसांना आतून वर ढकलतात. आठवड्याने केस आधीपेक्षा जास्त फुगलेले दिसतात ते यामुळे. दातेरी कैची मधल्या भागापासून टोकाकडेच चालावी. ज्यांचे केस मुळात विरळ आहेत त्यांनी ती मारूच देऊ नये. टाळू दिसू लागली असेल तर बाजू एक-दोन नंबरवर आणाव्यात, म्हणजे भरलेल्या बाजू आणि विरळ माथा यांतला फरक डोळ्यात भरत नाही. बाजूचे लांब केस वर ओढून टक्कल झाकलं की ते उलट लक्ष वेधतं.

मानेवरची कड हा कुणी न बोलणारा भाग, कारण तो आपल्याला दिसतच नाही. "मागे गोल की सरळ?" एवढाच प्रश्न येतो. तिसरं उत्तरही आहे आणि बहुतेकांना तेच शोभतं: लाइन न मारता खाली कमी कमी करत नेणं. आखलेली लाइन पहिले चार दिवस देखणी दिसते, मग तिच्याखाली खुंट येतात आणि मान मळकट वाटते. नैसर्गिक कडेच्या वर लाइन चढवली असेल तर आणखी लवकर. अगदी बारीक मानेला सरळ कड जरा भरलेपण देते, रुंद मानेला उतरतीच बरी. मानेवर वस्तरा फिरल्यावर ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी तिथे वस्तरा घेऊच नये. राठ, वळणदार केस जवळून कापले की त्यांचं टोक परत त्वचेत घुसतं आणि फोड येतो. वारंवार झालं तर तिथे घट्ट गाठी होतात. मग त्वचारोगतज्ज्ञच गाठावा लागतो. वस्तऱ्याऐवजी नुसता ट्रिमर फिरवला की पुरतं.

कल्ले कानाच्या मध्यापर्यंत ठेवा असं सांगितलं तरी वरखाली होतात, कारण माप कानावरून घेतलेलं असतं आणि पुष्कळांचे दोन्ही कान एका पातळीत नसतात. दोन्ही तर्जन्या कल्ल्यांच्या टोकांवर टेकवून आरशात समोर पाहावं, फरक लगेच कळतो. पायावर पाय टाकून बसू नये. कंबर कलते, खांदा कलतो आणि एक बाजू आखूड होते. चष्मा असेल तर जे काही सांगायचं ते तो काढण्याआधी सांगा, आणि गळ्याचं कापड सुटण्याआधी तो घालून एकदा पाहा. काडीखाली दबणारे केस तेव्हाच दिसतात.

ब्लेडच्या बाबतीत भिडेला जागा नाही. वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवतात; ते तुमच्यासमोर कागदातून काढून मोडलेलं असावं. "दादा, नवीन टाका" यात कुणाचा अपमान होत नाही. भीती सगळ्यांना एचआयव्हीची वाटते, पण शरीराबाहेर टिकण्यात हिपॅटायटिस बीचा विषाणू त्याहून चिवट आहे. वाळलेल्या रक्तातही तो किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो आणि रक्ताचा डाग दिसावाच लागतो असं नाही. त्याची लस आहे, ती घेतलेली असावी. तुरटीचा एकच खडा सगळ्यांच्या गालावरून, कापलेल्या जागेवरून फिरत असतो. दाढी करून घेत असाल तर स्वतःचा लहान खडा खिशात न्यावा. मशीनचं पातं मागच्या माणसानंतर ब्रशने झाडून स्पिरिटने पुसलेलं असावं, नाहीतर नायटा पसरायला वेळ लागत नाही. मशीन केस उपटत असेल तर पातं बोथट झालंय किंवा त्याला तेल हवंय. दोन थेंबांचं काम असतं. सलग चालून पातं तापतं आणि कानामागे चटका बसतो. तेव्हा थांबवा.

चंपी खुशाल करून घ्या. पण शेवटी मान पकडून झटक्याने कडकड वाजवतात, ती मात्र आधीच "नको" म्हणून सांगावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला झटक्याने आतून चीर जाऊ शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण तरुणांतही होतं.

वेळेचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात सोमवारी बहुतेक सलून बंद, बऱ्याच घरांत शनिवारी आणि अमावास्येला केस कापत नाहीत. त्यामुळे सगळा लोंढा रविवारी सकाळी येतो. श्रावण लागण्याआधीच्या आठवड्यातही तीच गर्दी. मागे पाच जण ताटकळत असताना भोवऱ्याला वेळ मिळत नाही. मंगळवार ते गुरुवार, दुपारी जावं. लग्नकार्य असेल तर पाच-सात दिवस आधी कापावेत, तोवर कडा मऊ होतात आणि चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ उरतो.

मागे आरसा धरतात तेव्हा नुसती मान डोलावू नका. मान सरळ ठेवून कड पाहा, भोवरा पाहा. घरी केस धुतल्यावर वरखाली दिसलं तर दोन-तीन दिवसांत परत जा, बहुतेक जण आनंदाने नीट करून देतात. आणि कटिंग मनासारखी झाली की आठवड्याने, केस बसल्यावर, समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो काढा. खाली माप लिहून ठेवा: बाजू दोन नंबर, मागे दोनवरून एकवर उतरते, लाइन नाही, वर कैचीने पाच सेंटिमीटर, भोवरा सोडून, दातेरी नको.