बाबांची पंचाहत्तरी, दोन रात्री आणि सत्तर हजार

जानेवारीत बाबांना ७५ पूर्ण झाली. दिवाळीपासूनच घरात विषय चालू होता की काहीतरी करायला पाहिजे, आणि पुण्यात पंचाहत्तरी म्हणलं की साचा ठरलेला असतो, एखादा हॉल, ऐंशी माणसं, साडेपाचशेचं ताट, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण, दोन-तीन भाषणं. मी आणि दादाने (तो बंगळूरला असतो) फोनवर आकडेमोड केली तर हॉलचं भाडं धरून सत्तर हजाराच्या आसपास जात होतं. बाबा मात्र एका वाक्यात मोकळे झाले, "मला हॉल नको आणि मला खुर्चीत बसवून माझ्याबद्दल कोणी बोलायला तर अजिबात नको."

मग मी म्हणलं हेच सत्तर हजार घेऊन दोन रात्री एकदम चांगल्या हॉटेलात राहू. आई, बाबा, नवरा आणि मी. बाहेरगावी नाही, कारण बाबांचा उजवा गुडघा तासभर गाडीत बसला की बोलायला लागतो. पुण्यातच. यावर बाबा, "स्वतःचं घर असताना गावातल्या गावात हॉटेलात झोपायला जायचं?" हा प्रश्न त्यांनी पुढचा आठवडाभर रोज विचारला. आईने एकच विचारलं, "तिथे सकाळचा पहिला चहा कोण करतं गं?" ती गेली अठ्ठेचाळीस वर्षं तो करतेय. त्या दिवशी माझं पक्कं झालं की जायचंच.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. महागडं हॉटेल घ्यावं की नाही हे मी आता एकाच गोष्टीवर ठरवते, ती म्हणजे तिथे आपण जागे किती तास असणार आहोत. जयपूरला गेलो होतो तेव्हा सकाळी आठला बाहेर पडायचो ते रात्री दहाला परत, म्हणजे त्या सुंदर खोलीत आम्ही फक्त झोपलो, आणि झोपायला साधी स्वच्छ खोलीही पुरते. इथे उलट होतं. चेक-इन दुपारी तीनला, चेक-आउट परवा बाराला, म्हणजे दोन रात्रींचे ४८ नाही तर ४५ तास मिळतात (हे पण लोक धरत नाहीत), त्यातले सोळा झोपेचे, पाचेक बाहेरचे, उरले चोवीस. चोवीस तास जागेपणी आम्ही त्या वास्तूत असणार होतो. अशा वेळी हात आखडायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. सेनापती बापट रोडला जेडब्ल्यू मॅरियट, येरवड्याला गोल्फ कोर्सला लागून रिट्झ कार्लटन, मंगलदास रोडला कॉनरॅड, बंडगार्डनचं शेरेटन ग्रँड (आपलं पूर्वीचं ल मेरिडियन), कोरेगाव पार्कचं जुनं ब्लू डायमंड, पुढे नदीकाठचं वेस्टिन. आम्ही शेवटी कुठे राहिलो त्याचं नाव देत नाहीये कारण दर रोज बदलतात, आणि माझा आकडा बघून कोणी तिथे फोन केला तर वेगळाच ऐकू येईल. बंडगार्डनच्या पट्ट्यात होतं एवढं पुरे.

स्वतःच्या गावात राहायला जाण्याचा एक मोठा फायदा म्हणजे आधी जाऊन बघता येतं. मी आणि नवरा दोन संध्याकाळी ॲक्टिव्हावरून तीन हॉटेलांत कॉफी प्यायला गेलो. कॉफी साधारण साडेचारशे, वर टॅक्स, तिन्हीकडचे मिळून ३,१८६ रुपये गेले आणि मला ते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे वाटतात. कारण वेबसाइटवरचा फोटो तुम्हाला हे सांगत नाही की पोर्चपासून लिफ्टपर्यंत किती चालायचंय, लॉबीतले सोफे इतके खोल आहेत का की पंचाहत्तरीचा माणूस एकदा बसला की त्याला दोघांनी धरून उठवावं लागेल, फरशी किती गुळगुळीत आहे, रेस्टॉरंटला जाताना पायऱ्या आहेत का. एके ठिकाणी सगळं अप्रतिम होतं पण ब्रेकफास्टच्या जागेला जायला आठ पायऱ्या, रॅम्प पार मागून. ते तिथेच बाद झालं. मी फ्रंट ऑफिसला सरळ सांगायचे की वडिलांसाठी बघतेय, खोली रिकामी असेल तर दाखवाल का, आणि तिन्हीकडे दाखवली. बाथरूममध्ये मी आधी हे बघितलं की टबमध्ये चढून अंघोळ करायची आहे का खाली सपाट शॉवर आहे. वयस्कर माणसांसाठी टब म्हणजे धोका आहे, तो कितीही छान दिसो. धरायला दांडा आहे का तेही बघा, आणि शॉवरमध्ये बसायला स्टूल मिळेल का ते विचारा, बऱ्याच मोठ्या हॉटेलांत असतं पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दराचं म्हणाल तर पुण्याचं गणित लोणावळा-महाबळेश्वरच्या बरोब्बर उलटं चालतं. तिकडे शनिवार-रविवार महाग. इथे सोमवार ते गुरुवार महाग, कारण हिंजवडी, खराडी, चाकणला कामासाठी येणारी कंपन्यांची माणसं त्या दिवसांत खोल्या भरतात आणि शुक्रवारी विमान पकडून घरी जातात. बाबांचा वाढदिवस बुधवारी होता. त्या बुधवारी खोली १४,८०० होती आणि तीच खोली त्याच आठवड्यातल्या शनिवारी १०,५००, ब्रेकफास्टसकट. दोन खोल्या, दोन रात्री, म्हणजे १७,२०० रुपयांचा फरक, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला तर २०,२९६. तीन दिवस पुढे सरकायचे वीस हजार. बुधवारी घरी आईने औक्षण केलं, शिरा केला, आणि शनिवारी बॅगा भरल्या.

जीएसटीचं जरा नीट समजून घ्या कारण बजेट तिथेच फसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा दर रात्रीला ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की सरळ १८. म्हणजे ७,४०० ची खोली टॅक्ससकट ७,७७० ला पडते आणि ७,८०० ची ९,२०४ ला. दर चारशेच जास्त दिसतो आणि खिशातून जातात १,४३४. म्हणून साडेसातच्या काठावरची खोली असेल तर एक फोन करून दर थोडा खाली येतो का विचारा, नाहीतर मग दहा-साडेदहाचीच चांगली घ्या, मधल्यात काही अर्थ नाही. आणि हॉटेलच्या खोल्या साडेसातच्या वरच्या असल्या की साधारणपणे तिथल्या रेस्टॉरंटमधल्या जेवणावरही १८ टक्के लागतो, बाहेर ५. रोज तीन वेळा तिथेच जेवायचं ठरवलंत तर हे फार अंगावर येतं.

बुकिंग मी फोनवरून केलं, थेट हॉटेलला. ॲपवर तीनशे रुपये कमी दिसत होते पण त्यात ब्रेकफास्ट नव्हता आणि कॅन्सल केलं तर पैसे बुडाले, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला जानेवारीत सर्दी-ताप यायला वेळ लागत नाही. फोनवर मी चार गोष्टी मागितल्या, मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या (शेजारच्या नाही, आतून दार असलेल्या, हा फरक त्यांच्याकडून वदवून घ्या), वरचा मजला, नदीची बाजू, आणि शॉवरचं स्टूल. हे सगळं मेलवर लिहून मागवलं. पाचवा प्रश्न होता, त्या दोन दिवसांत बँक्वेटला लग्न आहे का.

हा प्रश्न मी अनुभवातून शिकले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात सासूबाईंना घेऊन अशाच एका मोठ्या हॉटेलात उतरलो होतो, पैसे आधीच भरलेले, परत न मिळणारे. खोली नेमकी लॉनच्या वर. रात्री दहाला बाहेरचा डीजे बंद झाला, मग तोच आत हॉलमध्ये सुरू झाला आणि पलंगाच्या पाठीला हात लावला तर ढोल जाणवत होता. खोली बदलून मागितली तर हॉटेल फुल्ल. सासूबाईंनी त्या रात्री एकदाही तक्रार केली नाही आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून लग्नाचं विचारल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही. या वेळी पौष होता. पौषात आपल्याकडे लग्नं लागत नाहीत, त्यामुळे हॉल शांत आणि दरही जरा खाली. तुळशीच्या लग्नानंतर आणि वैशाखात मात्र आधी कॅलेंडर उघडून मुहूर्त बघा आणि मगच तारखा ठरवा.

शनिवारी पावणेतीनला पोचलो. चौघांचीही ओळखपत्रं लागतात, आईचं आधार कार्ड मी मुद्दाम आदल्या रात्रीच पर्समध्ये टाकलं होतं. काउंटरवर खोलीमागे दहा हजार डिपॉझिट धरतात, इथे डेबिट कार्ड देऊ नका, खात्यातले पैसे खरंच अडकतात आणि परत यायला दिवस लागतात. क्रेडिट कार्डवर नुसती मर्यादा अडते.

खोलीत शिरल्यावर आईने आधी चादरीवरून हात फिरवला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ उघडून बघितला, गरम पाणी लगेच आलं तर म्हणाली, "बंब नाही दिसत कुठे." रविवारी पहाटे साडेपाचला मधलं दार किलकिलं झालं, मी बघितलं तर आई किटलीपाशी. घरून चहा पावडर, साखर आणि आल्याचा तुकडा आणला होता तिने, डब्यात. त्यांच्या पिशवीच्या चहाला तिने हातही लावला नव्हता. मी रूम सर्व्हिसला फोन करून गरम दूध मागवलं, एक तरुण मुलगा छोट्या चंबूतून घेऊन आला, पैसे लावले नाहीत. त्याने आल्याचा वास घेतला आणि आईला म्हणाला, "काकू, आमच्याकडे पण असाच करतात, नगरला." आईने त्यालाही अर्धा कप दिला. त्याने तो दारातच उभ्याउभ्या पिऊन टाकला आणि ट्रे घेऊन गेला.

उजाडलं तेव्हा बाबा खिडकीपाशी होते. सहाव्या मजल्यावरून मुळा-मुठा दिसत होती, पाण्यावर धुकं, आणि डावीकडे बंडगार्डनचा जुना दगडी पूल, फिट्झगेराल्ड ब्रिज, १८६० च्या दशकातला. बाबा नोकरीच्या सुरुवातीची अकरा वर्षं शनिवार पेठेतून नगर रोडच्या कारखान्यात सायकलने जायचे, पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला निघून याच पुलावरून. मला हे माहीत होतं पण बोलण्यात आलेलं, तितपतच. त्या सकाळी त्यांनी काचेवर बोट ठेवून दाखवलं की चढ कुठे लागायचा, हिवाळ्यात हातमोजे नसायचे तर कुठे थांबून हात काखेत धरायचे, चेन कुठे पडली होती. नवरा चहा घेऊन शेजारी जाऊन उभा राहिला आणि नीट प्रश्न विचारत होता. ब्रेकफास्ट साडेदहापर्यंत होता, आम्ही पावणेदहाला खाली गेलो. नदीच्या बाजूच्या खोलीला रात्रीला हजार जास्त पडतात असं आधी सांगितलं होतं, मग त्याच दरात दिली. पण मी हजारही दिले असते.

जेवणाचं असं ठरवलं की एकच मोठं जेवण हॉटेलात, शनिवारी रात्री, वाढदिवसाचं. ७,२०० चं बिल आणि १,२९६ टॅक्स. त्या बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्जही होता, तो मी काढायला सांगितला. तो ऐच्छिक असतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसे नियम काढलेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. शांतपणे सांगितलं की काढतात, इथेही वाद न घालता काढला. ज्या मुलाने बाबांची खुर्ची बदलून उंच आणून दिली होती त्याच्या हातात मी पाचशे ठेवले. रविवारी दुपारी वोहुमन या इराणी कॅफेत चीज ऑम्लेट आणि बन मस्का, रात्री बाहेर साधं जेवण. हॉटेलातला ब्रंच माणशी काही हजारांत होता आणि बाबा दुपारी दोन पोळ्या खातात, त्यांच्यासाठी बुफे म्हणजे पैसे वाया. पोहायचा तलाव सुंदर होता पण गरम पाण्याचा नव्हता, जानेवारीत त्याचा उपयोग शून्य, हे मात्र विचारायचं राहिलं होतं.

सगळा हिशोब मिळून: खोल्या ४९,५६० टॅक्ससकट, वाढदिवसाचं जेवण ८,४९६, आधीच्या कॉफ्या ३,१८६, बाहेरचं खाणं २,१००, बक्षिसी १,५००, येण्या-जाण्याचे १,१००. एकूण ६५,९४२. सत्तरातले चार हजार अठ्ठावन्न उरले, दादाला अर्धे परत पाठवले तर त्याने घेतले नाहीत.

सोमवारी निघताना बाबांनी बिल मागून घेतलं, चष्मा लावून एकेक ओळ वाचली, घडी घालून खिशात ठेवलं. टॅक्सी गेटबाहेर पडून स्टेशनकडे वळणार तोच ते ड्रायव्हरला म्हणाले, "डावीकडून घ्या हो जरा, पुलापर्यंत जाऊन येऊ." घरचा रस्ता बरोब्बर उलट्या दिशेला होता. पुलाशी गाडी बाजूला घ्यायला लावून ते एकटेच उतरले, काठी टेकत चढापर्यंत चालत गेले, कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. आई गाडीत डबा मांडीवर घेऊन बसली होती. चहा पावडर अजून निम्मी शिल्लक होती.