पाठ निरीक्षण कुणाच्या तासात धरायचं?

बीएड कॉलेजमधल्या सीएचबीवाल्या, म्हणजे तासावर पैसे मिळणाऱ्या सरांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही म्हणून लिहितेय. सीनियर कॉलेजच्या प्राध्यापक भरतीवर आंदोलनं होतात, बातम्या येतात, पण जिथे उद्याचे शिक्षक घडतात तिथेही तासिका तत्त्वावरचेच लोक गाडा ओढतायत हे बाहेर कुणाला माहीतच नसतं. शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या नियमात वर्षाला १०० प्रवेश म्हणजे दोन वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असतील तर १६ पूर्णवेळ प्राध्यापक हवेत असं स्पष्ट लिहिलंय. मी बीएड केलं तिथे परमनंट मोजकेच होते, बाकी सगळे सीएचबी.

आता बीएडचं काम नुसतं लेक्चर घेण्याचं नसतंच ना. सूक्ष्म अध्यापनाचं (एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठाचं) एक चक्र ३६ मिनिटांचं, म्हणजे ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), मग १२ मिनिटात पाठ पुन्हा बांधायचा आणि परत ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं प्रत्याभरण. हे झालं एका छात्राध्यापकाचं, एकाच कौशल्याचं! वर पाठ टाचणं (पाठाची लेखी आखणी) तपासायची, सराव पाठाला शाळेत जाऊन मागे बसायचं, पाठ संपल्यावर बोलायचं. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाच्या बिलात यातलं किती धरलं जातं? आमच्या सरांचं तर नाहीच धरलं जायचं, तरी ते यायचे.

सातवीच्या वर्गावर माझा विज्ञानाचा पाठ होता, सर शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेले. नंतर व्हरांड्यात म्हणाले, "मॅडम, प्रश्न छान होता, पण उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. प्रश्न विचारला की मनात तीनपर्यंत आकडे मोजा, मगच बोला." वहीत त्यांनी माझा प्रत्येक प्रश्न लिहून घेतला होता आणि पुढे कुणी उत्तर दिलं तेही, बहुतेक ठिकाणी 'स्वतः' असंच होतं. या थांबण्यावर अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केलाय, शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलं मोठी उत्तरं देतात, जास्त मुलं बोलतात. हे मी पुस्तकातून परीक्षेपुरतं पाठ केलं असतं, पण सरांच्या त्या वहीमुळे अंगात मुरलं. आजही वर्गात प्रश्न विचारला की मी मोजते, आणि एरवी गप्प बसणारी मुलं हळूच हात वर करतात.

दुसऱ्या वर्षी सर नव्हते, नेमणूक त्या वर्षापुरतीच होती. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं, शाळेतली मोठी १६ आठवड्यांची इंटर्नशिप दुसऱ्या वर्षात येते, आणि नेमका तेव्हाच तुमच्या चुका ओळखणारा माणूस गेलेला असतो. नवीन सरांची ऑर्डर उशिरा आली, ते एकाच दिवशी दोन कॉलेजं करायचे, निरीक्षण वहीत सगळ्यांना 'चांगला प्रयत्न' एवढाच शेरा. त्यांना मी अजिबात दोष देत नाही, मानधन कित्येक महिने रखडलेलं, सुट्टीत तर काहीच नाही, माणूस करणार तरी किती. यूजीसीने २०१९ मध्ये गेस्ट फॅकल्टीला लेक्चरमागे १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार सुचवले होते, पण त्यातही मोजमाप लेक्चरचंच आहे.

आणि मुलं हे सगळं बघत असतात. नेट, पीएचडी झालेला माणूस आपल्याला शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा शिकवतोय आणि स्वतः मानधनासाठी ऑफिसच्या खिडकीशी उभा आहे, यातून विशीतली मुलं काय शिकणार? माझ्या बॅचची एक हुशार मुलगी तिथेच म्हणाली की मी बँकेच्या परीक्षा देते, आणि खरंच गेली.

पदं भरायलाच हवीत, ती मागणी आहेच. पण तोवर पाठ निरीक्षण आणि टाचण तपासणी तासिकेत धरा, आणि कोर्स दोन वर्षांचा आहे तर नेमणूक पण दोन वर्षांची द्या, म्हणजे पहिल्या वर्षी सूक्ष्म पाठ बघितलेले सरच इंटर्नशिपला मागच्या बाकावर असतील.