हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे

"हाड म्हणजे शेवटी कॅल्शियमच ना? गोळ्या घेतल्या की झालं. त्यात एवढं बघायचं काय?" मी हाडांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. आजवर विषय बदलत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून सांगते.

हाडातलं खनिज ॲपेटाइट जातीचं आहे, हे क्ष-किरणांनी १९२६ सालीच दाखवलं. म्हणजे कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फेट लागतंच, आणि थोडं कार्बोनेटही असतं. रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकी असतात की स्फटिक कुठेही धरायला हवेत. ते सहसा धरत नाहीत, कारण पायरोफॉस्फेट नावाचं एक छोटं संयुग त्यांना अडवून धरतं. हाड घडवणाऱ्या पेशींचं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) ते पायरोफॉस्फेट तोडतं. मग कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांमधल्या फटींत जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे चपटे स्फटिक धरतात.

एका बाईंच्या कमरेच्या हाडाचा तुकडा माझ्याकडे आला होता. त्या कित्येक वर्षं कॅल्शियम घेत होत्या. तरी बरगड्या मोडत होत्या, जिना चढवत नव्हता, आणि "मनाचे खेळ आहेत" हेही त्यांना ऐकवून झालं होतं. आमच्या रंगात खनिज हिरवं दिसतं आणि खनिज न बसलेलं कोलॅजन लाल. निरोगी हाडात लाल रंगाची बारीकशी कड असते, तीही कुठे कुठे. इथे जिकडे बघावं तिकडे लाल, थरावर थर, आणि हिरवं पार आत उरलेलं. मी काप सरकवत राहिले. प्रत्येक कोपऱ्यात तेच. पेशींनी कोलॅजन रचण्यात कसूर केली नव्हती. रक्तात कॅल्शियमही होतं. फॉस्फेट मात्र लघवीवाटे वाहून जात होतं, एका लहानशा गाठीतून पाझरणाऱ्या संप्रेरकामुळे. गाठ काढल्यावर काही दिवसांतच फॉस्फेट वर आलं. मोडलेल्या बरगड्या आणि ऐकून घेतलेले टोमणे यांचं काय करायचं, ते मला आजही सुचत नाही.

कॅल्शियम नको, असं मी म्हणत नाही. ते कमी पडलं तरी हाड मऊच राहतं. माझ्या तोंडी भलतं काही घालू नका.

पहिला स्फटिक कुठे धरतो, यावर मात्र माझं माझ्याशीच पटत नाही. शिकत असताना मी ठासून सांगायचे: पेशींपासून सुटणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांत, १९६७ मध्ये वाढत्या कूर्चेत दाखवल्या गेल्या तशा. पुढे प्रौढ हाड बघताना कोलॅजनच सगळं घडवतं असं वाटू लागलं. मग हायपोफॉस्फटेशिया आडवा येतो. त्या आजारात अल्कलाइन फॉस्फटेजच कमी पडतं, तरी पिशव्यांच्या आत स्फटिक सापडतात. बाहेर मात्र पसरत नाहीत. म्हणजे धरणं आणि पसरणं यांची कारणं वेगळी असावीत. प्रौढ हाडात ती धरण्याची जागा नेमकी कुठली, यावर आमच्यातले दोन्ही पक्ष अजून भांडतात, आणि मी दोन्हीकडून बोलते.