युवा कार्य प्रशिक्षण योजना: काम मिळालं पण पैसे तीन महिने अडकले (माझा अनुभव)

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत जे कोणी जाणार असाल त्यांनी जॉइन व्हायच्या आधी एक गोष्ट बघा, तुमचं खातं आधारला नुसतं लिंक आहे का डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट त्याच खात्यात यायला, सीडिंग पण झालंय. माझे तीन महिने या एका शब्दापायी गेले, आजही आठवलं की डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी कळव्याचा, बीकॉम झालेला. वर्षभर इंटरव्ह्यू दिले, जिथे जावं तिथे एकच प्रश्न, एक्सपिरियन्स किती? आता पहिली नोकरीच कोणी देईना तर एक्सपिरियन्स आणायचा कुठून. जुलै 2024 मध्ये ही योजना आली. वय 18 ते 35, सहा महिने प्रत्यक्ष ऑफिसात किंवा कंपनीत काम, आणि महिन्याला बारावीवाल्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, ग्रॅज्युएटला 10,000. महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी केली, ठाण्यातल्या एका सरकारी ऑफिसची जागा दिसली, अप्लाय केलं, सप्टेंबरमध्ये जॉइन झालो. इथपर्यंत काहीच त्रास झाला नाही.

कामही आवडलं. जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी एक्सेलमध्ये भरायच्या, काही पानं इतकी जीर्ण की उलटताना कडा हातात यायच्या. तिथले साहेब स्वतः शेजारी बसून मला नस्ती (फाइल) कशी लावतात, टिपणी कशी लिहितात ते शिकवायचे, हे मला कुठल्या क्लासमध्ये मिळालं नसतं.

पहिला महिना संपला. माझ्याबरोबरच्या दोघांचे पैसे आले, माझे नाही. साहेबांनी हजेरी दाखवली, तिघांची एकत्रच ऑनलाइन गेलेली. म्हणाले येतील, थोडं थांब. दिवाळी तशीच गेली. घरी आईला सांगून ठेवलं होतं की यंदाचा किराणा मी भरणार, तो बाबांनीच भरला आणि ते एका शब्दानेही काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मग बँक. लाडकी बहीणमुळे तेव्हा सगळ्या बँकांत बायकांची ही गर्दी, टोकन घेऊन दीड-दोन तास उभं राहायचं, त्यासाठी अर्धा दिवस सुट्टी. काउंटरवर आधार दिलं की ते कॉम्प्युटरमध्ये बघणार आणि म्हणणार, "लिंक आहे की तुमचं, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही, योजनेच्या ऑफिसला विचारा." ऑफिसला विचारलं तर म्हणे पेमेंट फेल दाखवतंय, बँकेत विचारा. असं चार वेळा झालं. चार वेळा! आणि दोघंही आपापल्या जागी खरंच बोलत होते, मला खोटं कोणी सांगितलं नाही, पण पुढचं एक वाक्य कोणी बोलायला तयार नव्हतं.

ते वाक्य मला रांगेतल्या एका मावशींनी सांगितलं. त्यांचे लाडकी बहीणचे पैसे दुसऱ्याच बँकेत जमा झाले होते म्हणून त्या तिसऱ्यांदा आलेल्या. माझं ऐकून म्हणाल्या, "बाळा, लिंक लिंक करू नको, सीडिंग कुठे आहे ते विचार." तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून लॉगिन केलं, बँक सीडिंग स्टेटस उघडलं, आणि समोर नाव आलं अकरावीत स्कॉलरशिपसाठी काढलेल्या खात्याच्या बँकेचं. ते खातं कधीच बंद पडलेलं. म्हणजे माझे पैसे दर महिन्याला तिकडे जाऊन परत फिरत होते.

तर समजून घ्या. आधार तुम्ही कितीही खात्यांना केवायसीसाठी जोडू शकता, त्याला सगळे लिंकच म्हणतात. पण एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पेमेंट चालवणारी संस्था, तिच्या यादीत एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते, जिथे शेवटचं सीडिंग झालं ती, आणि सरकारी पैसे आधारवरून तिथेच जातात. काउंटरवर "डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती फॉर्म द्या" असंच म्हणायचं, दुसरे शब्द वापरूच नका. फॉर्ममध्ये आधीच्या बँकेचं नाव लिहायची एक ओळ असते, ती मी पहिल्यांदा रिकामी सोडली आणि आठ दिवस फुकट गेले. दुसऱ्यांदा ती भरली, झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतली. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

चार दिवसांनी स्टेटसला नव्या बँकेचं नाव आलं. डिसेंबरच्या शेवटी दोन महिन्यांचे 20,000 एकदम जमा झाले, मी तेव्हा कळवा स्टेशनच्या पुलावर होतो, मेसेज तीनदा वाचला. तिसरा महिना नंतर आला.

हो, अजून एक राहिलं, आधारला जो मोबाइल नंबर आहे तो चालू असला पाहिजे, नाहीतर ओटीपीच येणार नाही. आणि आधार, मार्कशीट, पासबुक तिन्हीवर नाव सारखं आहे का तेही बघा.

योजना चांगलीच आहे, मी मनापासून सांगतो. पुढे 2025 मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली, मलाही त्याचा फायदा झाला. फक्त जॉइनिंगच्या दिवशीच प्रत्येकाचं सीडिंग स्टेटस तपासून घ्यायला हवं, पाच मिनिटांचं काम आहे. घरून रोज ट्रेन-रिक्षाचे पैसे मागून कामाला येणाऱ्या पोराला तीन महिने फार होतात हो.

जानेवारीत आमच्याकडे दिव्याला राहणारी एक मुलगी नवीन आली. पहिल्याच दिवशी मी तिला टेबलाशी बसवून स्टेटस उघडायला लावलं. तिच्या स्क्रीनवर गावाकडच्या बँकेचं नाव आलं. साहेबांनी तिला तेव्हाच अर्धा दिवस सुट्टी दिली आणि मी माझ्या फॉर्मची शिक्क्याची झेरॉक्स बघायला म्हणून तिच्याजवळ दिली.